कुऱ्हा दोनदा का आलं? अनोळखी जाणकारांना प्रश्न विचारताना

प्रोग्रॅमिंगचा प्रश्न इंटरनेटवर कसा विचारावा, याचे नियम बऱ्याच ठिकाणी लिहिलेले सापडतात. फोटो टाकू नका, अख्खा प्रोग्रॅम ओतू नका, आधी काय करून पाहिलं ते सांगा. नियम पाठ करणं सोपं आहे. ते का केले असतील, हे मला आमच्या तालुक्यातल्या एका गावाच्या नावामुळे कळलं. गाव कुऱ्हा, तालुका तिवसा, जिल्हा अमरावती.

मी इथल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत हिशेब बघते. सोयाबीन आणि तूर जास्त, हरभरा थोडा. मोझरी, तळेगाव ठाकूर, कुऱ्हा अशा आजूबाजूच्या गावांतले सभासद माल आणतात आणि त्याची नोंद होते: नाव, गाव, माल, क्विंटल. काही नोंदी गावातली पोरं मोबाइलवर करून पाठवतात, काही केंद्रावरच्या संगणकावर होतात. हे सगळं एकत्र करून गावनिहाय बेरीज काढणारा एक प्रोग्रॅम मी पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिला. व्हिडिओ पाहून आणि वाचून शिकले तेवढ्यावर लिहिला, आणि चालतही होता.

सोयाबीनच्या हंगामात बैठकीला बेरजेचा कागद ठेवला, तेव्हा अध्यक्षकाकांचं बोट एका ओळीवर थांबलं. "कुऱ्हा दोनदा काऊन आलं व पोरी?"

खरंच दोनदा होतं. एका ओळीत ४१ क्विंटल, खाली दुसऱ्या ओळीत १७ क्विंटल, दोन्हींपुढे गाव तेच. प्रोग्रॅमने कुठलीही एरर दिली नव्हती. शेतकऱ्यांच्या मालाचा हिशेब आहे, त्यात एक गाव दोन तुकड्यांत दिसलं की लोकांचा विश्वास डळमळतो. त्या रात्रीच याच्या मागे लागले.

याच यादीने आधी एक अडचण दिली होती, पण ती कोणाला न विचारता सुटली होती. तेव्हा फाइल वाचतानाच प्रोग्रॅम बंद पडायचा आणि लांबलचक एरर यायची. पायथनची एरर खालून वाचायची असते, खरं कारण शेवटच्या ओळीत असतं. तिथे लिहिलं होतं की 'चारमॅप'ला, म्हणजे अक्षरं ओळखायच्या सारणीला, ८१ हा बाइट (फाइलमधल्या माहितीचा एक छोटा तुकडा) वाचता येत नाही. ती ओळ, माझ्या फाइलचं नाव आणि फोल्डरचा पत्ता वगळून, जशीच्या तशी शोधली आणि उत्तर मिळालं. फाइल यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे देवनागरीसकट सगळ्या लिप्या साठवणाऱ्या पद्धतीत, आहे हे सांगितलं नाही तर विंडोजवर पायथन सिस्टिमची जुनी अक्षर-सारणी वापरतं. माझ्या लॅपटॉपवर ती सीपी-१२५२ होती, म्हणजे पश्चिम युरोपातल्या भाषांसाठी केलेली. त्या सारणीत ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी या पाच जागा रिकाम्या आहेत (संगणकाच्या या क्रमांकांत आकड्यांसोबत अक्षरंही येतात). यूटीएफ-८ मध्ये आपल्या ह्रस्व उकाराचा शेवटचा बाइट ८१ येतो आणि अक्षराचा पाय मोडणाऱ्या खुणेचा ८डी. त्यामुळे नुसता 'रमेश' असला तर प्रोग्रॅम पुढे जायचा, अक्षरांच्या जागी येनची चिन्हं आणि भलतंच काहीतरी दाखवत का होईना. 'सुरेश' आला की थांबायचा. फाइल उघडताना यूटीएफ-८ असं लिहिलं आणि विषय संपला. असा प्रश्न मी कुठे विचारला असता, तर आधीच दिलेलं उत्तर कोणालातरी पुन्हा टाइप करावं लागलं असतं.

कुऱ्ह्याचं मात्र तसं नव्हतं. एररच नाही, मग शोधायचं काय? आधी वाटलं, नावाच्या मागेपुढे रिकामी जागा असेल. ती काढून पाहिली, फरक नाही. मग दोन्ही नावं समोरासमोर ठेवून पायथनला विचारलं, ही सारखी आहेत का? उत्तर आलं, नाहीत. दोन्हींची लांबी विचारली. एकाची ६, दुसऱ्याची ७. डोळ्यांना अक्षर न् अक्षर सारखं दिसत असताना एकात काहीतरी जास्तीचं होतं.

'दिसायला सारखे पण समान नसलेले दोन शब्द' असं इंग्रजीत शोधल्यावर बरंच मिळालं. बहुतेक उत्तरं फ्रेंचसारख्या भाषांतल्या, डोक्यावर चिन्ह असलेल्या अक्षरांबद्दल होती. असं एकच अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, दोन तऱ्हांनी लिहिता येतं, आणि दोन्ही एका रूपात आणायला नॉर्मलायझेशन करतात. त्याचा एनएफसी हा प्रकार नेहमी वापरला जातो. मी तो लावून पाहिला. लांबी पुन्हा ६ आणि ७. एका चॅटबॉटलाही विचारलं, त्यानेही ठामपणे एनएफसीच सांगितलं. हे सगळं मी वहीत लिहून ठेवत होते: काय केलं आणि काय निघालं. पुढे सगळ्यात जास्त उपयोग त्या नोंदींचाच झाला.

आता विचारण्यावाचून गत्यंतर नव्हतं. माझा चुलत भाऊ पुण्याला एका कंपनीत प्रोग्रॅमर आहे आणि प्रोग्रॅमरांच्या इंटरनेटवरच्या समुदायांत बरीच वर्षं लोकांना उत्तरं देत आला आहे. मी त्याला फोन केला. उत्तर त्यालाही येत नव्हतं, पण तो म्हणाला, "तू प्रश्न लिही, टाकायच्या आधी मले दाखव. अन् एक ध्यानात ठेव. तिकडं बसलेल्या मानसाजोळ तुयी फाइल नाई, तुया लॅपटॉप नाई, अन् त्याले मराठीबी येत नाई. त्याच्या हातात तू काय देतं, तेवढंच त्याले दिसते."

दादाचं हे बोलणं प्रश्न लिहिताना सारखं कानात होतं.

फोटोचंच घ्या. स्क्रीनचा फोटो टाकू नये, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. मोबाइलवरून काम करणाऱ्याला फोटो सगळ्यात सोपा, आणि आमच्याकडे तर संगणकही सगळ्यांकडे नसतो; म्हणून हा नियम अनेकांना जाचक वाटतो. पण माझ्या प्रश्नाचा फोटो काढला असता तर त्यात काय दिसलं असतं? कुऱ्हा आणि कुऱ्हा. हुबेहूब. सगळी भानगड डोळ्यांना न दिसणाऱ्या एका खुणेत होती आणि ती मजकुरातच शिल्लक राहते. शिवाय फोटोतला प्रोग्रॅम कोणी आपल्या संगणकावर चालवून पाहू शकत नाही, पुन्हा हाताने टाइप करावा लागतो. तो शोधात सापडत नाही आणि ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्या प्रोग्रॅमरचं स्क्रीन वाचणारं सॉफ्टवेअर तो नीट वाचू शकत नाही.

मग प्रोग्रॅम छोटा करणं. या कामाला सगळ्यात जास्त वेळ गेला आणि माझ्या मते प्रश्नाचा जीवही तिथेच आहे. माझा मूळ प्रोग्रॅम फाइल वाचायचा, तारखा तपासायचा, पांडाज हे तक्ते हाताळायचं पायथनचं तयार साधन वापरून गावांचे गट करायचा, बेरीज करायचा आणि शेवटी पावत्या छापायचा. हे सगळं कोणाच्या पुढ्यात टाकलं तर त्याने आधी आमच्या कंपनीचा कारभार समजून घ्यावा लागेल. दादाने सांगितलं होतं, एकेक भाग काढ आणि दरवेळी चालवून बघ. अडचण तशीच राहिली तर तो भाग तिच्याशी संबंधित नव्हता.

पावत्या काढल्या. कुऱ्हा दोनदाच. तारखा काढल्या, तरी दोनदा. फाइल वाचणं काढून चार नोंदी थेट प्रोग्रॅममध्ये लिहिल्या. मग पांडाजच काढून टाकलं, ज्याच्यावर माझा सगळ्यात जास्त संशय होता. तरी तेच! शेवटी उरल्या मोजक्या ओळी: एक शब्द, दुसरा शब्द, दोन्हींची लांबी, एनएफसी, आणि दोन्ही समान आहेत का याचं उत्तर. तोपर्यंत माझ्या डोक्यात प्रश्नाचं शीर्षक 'पांडाज एकाच गावाचे दोन गट का करतं' असं होतं. ते तसंच गेलं असतं तर पांडाजच्या जाणकारांनी वाचलं असतं आणि ज्यांना युनिकोड कळतं त्यांच्या नजरेलाही पडलं नसतं. नवं शीर्षक झालं: 'दिसायला सारखे असलेले देवनागरीतले दोन शब्द एनएफसी करूनही समान का येत नाहीत'. निम्मा प्रश्न त्या शीर्षकातच आला.

आमच्याकडे कपाशीवर रोग दिसला की शहाणा शेतकरी कृषी केंद्रात नुसता 'झाड सुकतंय' म्हणून जात नाही. रोगट पान, बोंड सोबत नेतो आणि कोणती फवारणी कधी केली तेही सांगतो. मोजक्या ओळींचा तो प्रोग्रॅम म्हणजे माझं पान होतं.

पुढचा मुद्दा मराठी न येणाऱ्या माणसाचा. 'कुऱ्हा' असं नुसतं चिकटवलं तर वाचणाऱ्याला ती नक्षी दिसेल, आणि चिकटवताना अदृश्य खूण गळून पडण्याचीही भीती. म्हणून प्रत्येक अक्षराचा युनिकोड क्रमांक काढला, तो काढायला पायथनमध्ये सोय आहे. एका शब्दात क, ह्रस्व उकार, मग ०९३१ क्रमांकाचा ऱ, पाय मोडणारी खूण, ह, काना. दुसऱ्यात ०९३१ च्या जागी साधा र, ०९३०, आणि पाय मोडणाऱ्या खुणेनंतर २००डी नावाचं काहीतरी. सातवं तेच. झीरो विड्थ जॉइनर, म्हणजे अक्षरं जोडणारी पण स्वतः न दिसणारी खूण. प्रश्नात दोन्ही शब्द क्रमांकांच्या रूपातच लिहिले, म्हणजे जगात कोणीही ते आपल्या संगणकावर चिकटवावेत आणि नेमकं माझ्यासारखंच उत्तर पाहावं.

विचारायच्या तयारीतच अडचण अर्धीअधिक उलगडली होती. जास्तीची खूण कोणती, ते कळलं. दोन रूपं का आहेत आणि ती सुरक्षितपणे एक कशी करायची, हे अजून कळत नव्हतं. प्रश्न एवढाच उरला होता आणि मी तेवढाच विचारला.

माहितीबद्दल एक सांगायलाच हवं, कारण याबाबत आपल्याकडे फार बेफिकिरी दिसते. आमच्या खऱ्या फाइलमध्ये शेतकऱ्यांची नावं, मोबाइल नंबर, बँक खाती, आधारचे आकडे आहेत. मदत हवी म्हणून अशी फाइल जशीच्या तशी टाकलेली मी पाहिली आहे. एकदा टाकलेलं नंतर पुसलं तरी कोणी कुठे उतरवून घेतलं, हे आपल्याला कळत नाही. ही माहिती आपली नसते, विश्वासाने आपल्या हाती दिलेली असते. माझ्या नमुन्यात फक्त गावाचं नाव होतं आणि क्विंटलच्या जागी १० आणि ५ असे बनावट आकडे. प्रोग्रॅममध्ये पासवर्ड किंवा एखाद्या सेवेची गुप्त किल्ली लिहिलेली असेल तर तीही आधी काढायची.

मग भाषा. मी प्रश्न स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर विचारायचं ठरवलं. जेफ अ‍ॅटवूड आणि जोएल स्पोल्स्की यांनी २००८ मध्ये ते सुरू केलं. त्याचं मुख्य रूप इंग्रजीत आहे. स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन आणि जपानी भाषांत वेगळी रूपं आहेत. मराठीत नाही. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं, इंग्रजी वाचता येतं पण लिहिताना हात अडखळतो. दादाने माझा पहिला मसुदा पाहिला आणि सुरुवातीच्या ओळी खोडायला सांगितल्या. मी खेड्यात राहते, इंग्रजी कच्चं आहे, कृपया समजून घ्या, अशा त्या होत्या. "यानं त्याले तुया प्रॉब्लेम समजते का? नाई ना? मंग काढ." लहान लहान वाक्यं लिहिली. मी हे करते. मला हे अपेक्षित आहे. प्रत्यक्षात हे होतं. मी हे, हे आणि हे करून पाहिलं, त्यातून हे निघालं. पायथनची आवृत्ती ही, विंडोज ही. एवढं इंग्रजी सातवी-आठवीच्या पोरीलाही जमेल.

इथे मला आपल्या रीतीबद्दल बोलायचं आहे. आमच्याकडे कोणाच्या घरी कामाला गेलं तरी आधी बसायचं, पाणी घ्यायचं, 'पाऊस काय म्हणते तुमच्या इकडं' विचारायचं आणि मग हळूच कामाचं काढायचं. आल्या आल्या कामाचं बोलणारा माणूस उर्मट वाटतो. ही रीत मला मनापासून प्रिय आहे. तीच रीत घेऊन आपली मुलं टेलिग्रामच्या प्रोग्रॅमिंग ग्रुपात जातात. एका ग्रुपात एका पोराने रात्री लिहिलं, "नमस्कार सर, पायथन कोणाला येते का?" कोणीच बोललं नाही. बऱ्याच वेळाने एकाने लिहिलं, "हो, बोला." तोवर पोराचा त्या दिवसाचा डेटा संपला असावा. सकाळी त्याने पुन्हा लिहिलं, "सर, एक अडचण होती, विचारू का?" आता ते सर नव्हते. अडचण काय होती, हे ग्रुपात कोणालाच कधी कळलं नाही.

त्या पोराच्या बोलण्यात आदर ओतप्रोत होता. पण 'विचारू का' याचं उत्तर देणाऱ्याला आधी आपल्याला उत्तर येईल की नाही हे न कळताच हो म्हणावं लागतं. अशा जागी आदर संबोधनातून पोहोचत नाही, मजकुरातून पोहोचतो. समोरचा माणूस पगार न घेता, चहा पिता पिता दहा मिनिटं काढून अनोळखी माणसाचा प्रश्न वाचतो. त्याला दोनदा विचारावं लागू नये, अंदाज बांधावा लागू नये, आपण आधीच करून पाहिलेलं त्याने पुन्हा सुचवू नये, एवढी तजवीज केली की त्याचा मान राखला जातो. नमस्कार आणि आभार गप्पांच्या ग्रुपात जरूर लिहावेत, फक्त त्याच संदेशात प्रश्नही पूर्ण लिहावा. स्टॅक ओव्हरफ्लोवर तेही लिहायची पद्धत नाही, कारण तो प्रश्न पुढे वर्षानुवर्षं कोणी ना कोणी शोधून वाचणार असतो. आणि 'अर्जंट' हा शब्द कुठेच नको. घाई आपली असते. उत्तर देणाऱ्यावर ती लादण्याचा आपल्याला हक्क नाही.

एकच प्रश्न एकाच वेळी चार ठिकाणी टाकायचा मोहही होतो. मग एका ठिकाणी उत्तर मिळालेलं असतं आणि दुसऱ्या ठिकाणी कोणीतरी त्याच्यावर डोकं फोडत बसलेला असतो. मी एकाच जागी विचारायचं ठरवलं. दुसरीकडे जायची वेळ आलीच तर पहिल्या प्रश्नाचा दुवा द्यायचा, म्हणजे कोणाचे कष्ट फुकट जात नाहीत.

वेळही ठरवून निवडली. ऑक्टोबरात आमच्याकडे संध्याकाळचे ७ वाजतात तेव्हा लंडनला दुपारचे अडीच आणि न्यूयॉर्कला सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात. दोन्हीकडचे लोक जागे. प्रश्न टाकून निघून जाणं बरं नाही, पहिल्या तासा-दोन तासांत कोणी काही विचारलं तर उत्तर द्यायला आपण हजर असावं. आमच्या घरात नेटवर्क धड येत नाही, स्लॅबवर येतं. मोबाइल आणि लॅपटॉप दुपारीच पूर्ण चार्ज करून ठेवले, कारण संध्याकाळच्या लाइटचा भरवसा नाही. स्वयंपाक लवकर उरकला आणि स्लॅबवर चटई टाकून बसले.

पहिली प्रतिक्रिया अशी आली: हा आधीच विचारलेला प्रश्न दिसतो, नॉर्मलायझेशनचं उत्तर बघा. नवख्या माणसाला हे वाचून अपमान झाल्यासारखं वाटतं. पण तो माणूस मला हाकलत नव्हता, तयार उत्तराकडे बोट दाखवत होता. मी वाद न घालता एवढंच लिहिलं की ते उत्तर वाचलं आहे, एनएफसी केल्यावरही लांबी ६ आणि ७ राहते, प्रश्नातली चौथी ओळ चालवून पाहावी. त्याने चालवून पाहिली असावी. थोड्या वेळाने त्याचं म्हणणं तिथून गेलं होतं. काय काय करून पाहिलं हे प्रश्नात लिहिलेलं नसतं, तर प्रश्न तिथेच बंद झाला असता.

दुसऱ्या एकाने विचारलं, ही दोन रूपं तुमच्याकडे येतात कुठून? दोन वेगवेगळ्या साधनांवरून टाइप होतात का? हे मला आधी सुचायला हवं होतं असं नाही, पण विचारणं अगदी रास्त होतं. आमच्या नोंदी चाळल्या. मोबाइलवरून आलेल्या सगळ्या एका रूपात, केंद्रावरच्या संगणकावरच्या दुसऱ्या. हे प्रतिक्रियेत न लिहिता मी मूळ प्रश्नातच भर घातली. उशिरा येणाऱ्या माणसाला सगळं एका जागी वाचायला मिळावं, खालच्या दहा प्रतिक्रिया उपसाव्या लागू नयेत.

मग पहिलं उत्तर आलं. २००डी ही खूण सगळीकडून काढून टाका. मी करून पाहिलं. दोन्ही शब्दांची लांबी ६ झाली, पण तरी ते समान येईनात, कारण एकात र आणि दुसऱ्यात ऱ उरलाच. वर शब्दाचं रूपही बिघडलं. ऱ्ह च्या जागी ह वर रफार चढला. मराठी माणसाला ते गाव वेगळंच वाचायला मिळेल. उत्तर देणाऱ्याला यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. चुकीचं उत्तर आलं की दोन गोष्टी सहज घडतात: 'चालत नाही' एवढंच लिहून मोकळं होणं, नाहीतर गप्प बसणं. दोन्हींतून त्या माणसाच्या हाती काही लागत नाही. मी लिहिलं की वेळ दिल्याबद्दल आभारी आहे. तुम्ही सांगितलं ते केल्यावर हे क्रमांक उरतात, आणि ती खूण काढली की अक्षराचा उच्चार दाखवणारी खूण बदलते, म्हणून ती नुसती काढता येत नाही. त्याने मनमोकळेपणाने लिहिलं की हे माहीत नव्हतं, आणि आपलं उत्तर मागे घेतलं.

नेमकं उत्तर रात्री उशिरा आलं. देणाऱ्याला मराठी येत होतं की नाही, मला आजही ठाऊक नाही. त्याने लिहिलं की ऱ्ह मधला आडवा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक तऱ्हा ऱ आणि पाय मोडणारी खूण, ही आजची. दुसरी साधा र, पाय मोडणारी खूण आणि जोडणारी अदृश्य खूण, युनिकोडच्या २.० आवृत्तीशी सुसंगत राहावं म्हणून ती अजून मान्य आहे. एनएफसी ऱ ला आणि खाली नुक्ता (टिंब) दिलेल्या र ला एक मानतं, पण अदृश्य खुणेच्या या रूपाला हात लावत नाही. म्हणून तुलना करण्याआधी त्या तीन खुणांचा जोड सापडेल तिथे ऱ आणि पायमोड हा जोड घाला आणि मग एनएफसी करा. प्रोग्रॅमची एकच ओळ.

उत्तर मिळालं म्हणून लगेच 'झालं' लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी हंगामाच्या सगळ्या नोंदींवर ती ओळ चालवली. कुऱ्हा एक झालं, ५८ क्विंटल. सोबत काही आडनावंही एक झाली, जी दोन सभासद म्हणून मोजली जात होती आणि जी आमच्या कोणाच्या लक्षातच आली नव्हती. मग ते उत्तर स्वीकारल्याची खूण केली. ती खूण प्रश्न विचारणाऱ्यालाच करता येते, आणि पुढे येणाऱ्याला त्यावरून कळतं की विचारणाऱ्याचं काम यानेच झालं. खाली लिहिलं की खऱ्या नोंदींवर तपासलं, आडनावांनाही लागू पडलं. प्रश्न विचारून उत्तर सापडल्यावर 'मिळालं, धन्यवाद' एवढंच लिहून जाणारे खूप भेटतात. काय मिळालं ते लिहीत नाहीत. त्याच अडचणीत नंतर सापडणाऱ्याला ती ओळ वाचून किती हळहळ वाटते, ते मी स्वतः शोधताना सोसलं आहे.

आता नोंद आल्या आल्याच ती ओळ लागते आणि यादीत जुनं रूप शिरत नाही. अध्यक्षकाकांना युनिकोड सांगत बसले नाही. त्यांनी नवा कागद पाहिला, कुऱ्ह्यावर बोट ठेवलं, "आता बरोबर हाय" म्हणाले आणि पुढच्या विषयाला लागले.

पुढे काही महिन्यांनी माझ्या प्रश्नाखाली एका नेपाळी प्रोग्रॅमरने लिहिलं की नेपाळीतही हा आडवा र आहे, ही ओळ लावून त्याचं काम झालं, पण नावांचा अनुक्रम लावताना दुसरीच अडचण येते, ती सांगू का? मी लिहिलं, जरूर, पण वेगळा प्रश्न करा आणि इथला दुवा द्या. इथे प्रतिक्रियांत लिहिलंत तर तुमच्यानंतर कोणालाच तो सापडणार नाही. शब्द क्रमांकांच्या रूपात द्या, काय अनुक्रम हवा आणि काय येतो तेही लिहा. त्याने तसं केलं. मी त्याचा नमुना चिकटवून चालवला, माझ्या लॅपटॉपवरही तेच चुकीचं उत्तर आलं, आणि कोणते तीन शब्द जागा सोडतात ते मी त्याला लिहून दिलं. कारण मला सांगता आलं नाही. ते दुसऱ्या एकाने सांगितलं.